तळ्याचे दोन काठ

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. या म्हणीचा रोख पहिल्या घराकडे आहे, हे उघड आहे. डोक्यावर छप्पर हवे म्हणून जो घर बांधतो, त्याच्या हालअपेष्टांना निदान गरजेचे पाठबळ असते. परंतु राहते घर असताना, केवळ सुटीत चार दिवस स्वस्थ पडून राहता यावे म्हणून जो दुसऱ्या घराच्या खटाटोपात पडतो, त्याच्याविषयी वाडवडिलांनी काही म्हटलेले नाही. बहुधा असा गृहस्थ त्यांच्या कल्पनेतच आला नसावा. सुटीत माणूस आजोळी जात असे. आणि आजोळ कोणास बांधावे लागत नाही.

आमच्या मुलांची आजोळे डोंबिवलीत व बोरिवलीत दोन-दोन खोल्यांत आहेत. म्हणून आम्ही चौघा भावंडांनी तळ्याकाठी घर बांधण्याचे मनात आणले. घर आता उभे आहे. त्याच्या विटा-कौलांचा हिशेब सांगण्यात वाचकांचे काही हित नाही. परंतु ते बांधताना तळे म्हणजे काय, याविषयी आम्हास जे कळले ते सांगण्याजोगे वाटते.

आमचे राहते गाव भिवंडी. ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांना येथील माणसास विश्रांतीची ओढ का लागावी हे सांगावयास नको. मागांची खटखट, मालमोटारींची रांग आणि तिन्ही ऋतूंत न बसणारी धूळ, हे आमचे नित्याचे सोबती. तळे आमच्या गावातही आहे. कामतघरच्या बाजूच्या वऱ्हाळदेवीच्या तलावाने गावाची तहान काही अंशी भागवली आहे आणि कित्येक पिढ्यांच्या गणपतींना पोटात घेतले आहे. परंतु भोवती वस्ती दाटली म्हणजे तळे हे तळे न राहता घरांच्या मधली मोकळी जागा होऊन बसते. आम्हास गावाबाहेरचे पाणी हवे होते.

ते सुदैवाने आमच्या बांधालाच होते. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या सडकेच्या आत आमची वडिलोपार्जित जमीन आहे: दीड एकर भातखाचर, त्याच्या वरच्या अंगास पाऊण एकर वरकस माळ, आणि खाचराच्या पायाशी गावतळे. १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकत घेण्यास आडकाठी केली आहे. तेव्हा वडिलांनी सातबाऱ्यावर आमची नावे लावून ठेवली नसती, तर हा बेत मनातच राहिला असता. तथापि जमीन असणे व ती राखणे यांत अंतर आहे. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, माणकोली या गावांची खाचरे आमच्या डोळ्यांदेखत गोदामांखाली गेली. मुंबईत जकात होती तोवर माल वेशीबाहेर साठवून ठेवण्यात व्यापाऱ्यांचा लाभ होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व जकात गेली. परंतु गोदामे गेली नाहीत, उलट अधिक मोठी झाली. ही लाट वाड्याच्या सडकेने आमच्याकडेही सरकत होती आणि दलाल आमच्या ओटीवर येऊन बसू लागले होते. खरे सांगावयाचे तर घर बांधणे हा जमीन न विकण्याचाच एक प्रकार होता. रिकामी जमीन सर्वांना विकाऊ दिसते. तिच्यावर दिवा लागला की विचारणारा निदान दारावर थाप मारतो.

घर कोठे बांधावे यावर मात्र घरातच दोन तट पडले. कोजागिरीच्या सुमारास आम्ही सर्वजण जागा पाहावयास गेलो होतो. तळे तुडुंब भरले होते. कमळे मिटू लागली होती, खंड्या करंजाच्या फांदीवरून सूर मारीत होता, आणि पाणी खाचराच्या शेवटच्या बांधास टेकले होते. थोरल्या बंधूंनी तेथल्या तेथे काठीने रेघ ओढली: येथे पडवी, पडवीला पाच पायऱ्या, आणि पाचवी पायरी पाण्यात. वहिनींना तर पायरीवर बसून पाण्यात पाय सोडलेली मुले दिसूही लागली. काकूंनी मात्र अट घातली. त्या म्हणाल्या, “मुलगी पाहावयास गेलो तरी घरचे माणूस चार वेळा पाहतो. हे तळे बारा महिने पाहा, मग कुदळ घाला.” काकूंच्या शब्दाबाहेर जाण्याची आमच्याकडे रीत नाही. आम्ही वर्षभर थांबलो.

आमच्या भागात वर्षाकाठी शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो; परंतु तो जवळजवळ सगळा ज्येष्ठ ते आश्विन एवढ्या अवधीत. पुढले आठ महिने आकाशातून थेंब नाही. खालचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवीत नाही, आणि उन्हाळ्यात उघड्या तळ्याचे महिन्याला सुमारे वीतभर पाणी नुसते वाफ होऊन जाते. पौषात काठ दहा पावले मागे सरकला. फाल्गुनात पस्तीस. वैशाखात आम्ही बंधूंच्या रेघेवर उभे राहून मोजू लागलो, तो पाणी एकशे वीस पावलांवर होते. मध्ये भेगाळलेली काळी चिकणमाती, तिच्यात गुरांच्या खुरांचे ठसे, आणि पलीकडे मूळ तळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे गढूळ पाणी. तळ्याला एक काठ असतो ही शहरी माणसाची समजूत आहे. तळ्याला दोन काठ असतात, एक आश्विनातला आणि एक वैशाखातला. आणि तळे म्हणजे या दोन काठांमधले येणे-जाणे.

या दोन काठांमधली जमीन कोणाची, हा प्रश्न त्या वर्षी आमच्यापुढे आपोआप उभा राहिला. कागदावर ती सरकारची. व्यवहारात मात्र ती ज्याच्या-त्याच्या वेळी ज्याची-त्याची असते. पाणी उतरू लागले की मागे राहिलेल्या ओलीवर कडेची कुटुंबे वाल व काकडी लावतात. माघ-फाल्गुनात गुरे तेथे चरतात. वैशाखात पाणी गुडघाभर उरले म्हणजे पाड्यावरच्या कातकरी बाया चिखलात हात घालून मासे धरतात. आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर तर विलक्षण प्रकार होतो. तळ्यातले मासे ओहोळातून प्रवाहाविरुद्ध चढत थेट भातखाचरांत अंडी घालावयास येतात. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. त्या रात्री निम्मे गाव कंदील व टोपल्या घेऊन पाण्यात उभे असते. ज्या ओहोळातून ही वलगण चढते, तो बंधूंच्या नियोजित पडवीखालून जात होता.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तळ्याकाठच्या सुटीच्या घराचे जे चित्र आपण मनात बाळगतो, ते बव्हंशी परदेशातून आलेले आहे. तिकडे उन्हाळ्यात डोंगरावरचे बर्फ वितळते आणि सुटीच्या दिवसांतच सरोवरे भरलेली असतात. आपल्याकडे मुलांना सुटी लागते वैशाखात, आणि तळे भरते श्रावणात. पडवीच्या पायऱ्या पाण्यात बांधल्या असत्या, तर ज्यांच्यासाठी त्या बांधावयाच्या, ती मुले सुटीभर कोरड्या चिखलाकडे पाहत बसली असती.

शिवाय परदेशातही पाण्याशी सलगी सुखाची असतेच असे नाही. ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने आपल्या वृद्ध आईबापांसाठी १९२३-२४ साली जिनिव्हा सरोवराला अगदी लागून एक चिमुकले घर बांधले. पाण्याकडे तोंड करून अकरा मीटर लांबीची एकच खिडकी, एवढे त्याचे वैभव. २०१६ साली ते जागतिक वारशाच्या यादीतही गेले. परंतु सरोवराच्या पाण्याच्या चढउतारापायी त्या घराच्या भिंतीस तडा गेला होता आणि पुढे बाहेरून धातूचे पत्रे ठोकावे लागले. त्यातली एक युक्ती मात्र आम्हास फार आवडली. बागेच्या कडेने त्याने भिंत घालून सरोवर झाकून टाकले आणि त्या भिंतीत एकच चौकोनी झरोका ठेवला. चहूकडून पाणी दिसू लागले म्हणजे ते दिसेनासे होते, हे त्यास ठाऊक होते.

आम्ही घर वरकस माळावर बांधले. आश्विनातल्या काठापासून ते ऐंशी पावलांवर आहे आणि वैशाखातल्या काठापासून दोनशे. याला केवळ परोपकारबुद्धी कारण झाली, असे कोणी समजू नये. काठची चिकणमाती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उभ्या केलेल्या भिंती दर वर्षी थोड्या-थोड्या हलतात. माळावर हातभर खणताच मुरूम लागतो, आणि मुरमावरचे जोते हलत नाही. दुसरी गोष्ट बोलावयास संकोचाची, परंतु घर बांधणाऱ्याने प्रथम बोलावयाची: शौचकूप. पाण्यालगतच्या घराचा शोषखड्डा अखेर तळ्यातच उतरतो, आणि त्या तळ्यावर गावाची गुरे पाणी पितात. आमचा खड्डा घराच्या मागे, तळ्याकडे उतार नसलेल्या अंगास आहे. जोते काळ्या दगडाचे, वर मंगळुरी कौले, आणि विटांच्या भिंती होतील तितक्या कमी. विटांचा हात आखडण्यास कारण होते. या बाजूच्या वीटभट्ट्यांवर पावसाळा सरताच कातकरी कुटुंबे उचल घेऊन राबावयास येतात, आणि वीट पडते ती कोणाच्या तरी भातखाचराच्या मातीची. खाचर वाचवावयास निघालेल्या माणसाने दुसऱ्याच्या खाचराच्या भिंती उभ्या कराव्यात, हे काही ठीक दिसले नाही.

बंधूंनी मधला मार्ग सुचवला होता, तो भरावाचा. चार फूट मुरूम टाकला की पायरी पाण्यापर्यंत नेता आली असती. चहूकडे तेच चालले आहे. गोदामाची जमीन कोरडी राहावी म्हणून खाचरात पुरुषभर भराव पडतो. पूर्वी त्या खाचरात थांबणारे पावसाचे पाणी मग शेजाऱ्याच्या अंगणात शिरते, आणि शेजारी पावसाला दोष देतो. भरावाने काठ पुढे जात नाही, पाण्याची जागा मात्र कमी होते. यावर घरात पुष्कळ दिवस अबोला होता. तो काकूंनीच मोडला, तोही युक्तिवादाने नव्हे. त्यांनी बंधूंस वलगणीच्या रात्री ओहोळात उभे केले. पिंढऱ्यांना मासे धडकत वर चढत असताना तेथे भराव घालण्याची गोष्ट काढणे त्यांच्याच्याने झाले नाही.

महाराष्ट्रात पाण्याकाठी सुटी घालवण्याची हौस नवी नाही. परंतु ज्या पाण्याकाठी आपण जातो, ते बहुधा दुसऱ्याच कोणत्या कामासाठी अडवलेले असते. महाबळेश्वरचे वेण्णा तळे साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली पाण्याच्या सोयीसाठी बांधले. नावा मागाहून आल्या. आमच्या जिल्ह्यातले तानसा १८९२ साली पुरे झाले ते मुंबईच्या नळांसाठी. मुळशीच्या पाण्याकाठी आज बंगले व विश्रामस्थाने आहेत. तेथेच १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या गावांसाठी मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. त्या काठावर कोणी बसूच नये, असे आमचे म्हणणे नाही. बसणाऱ्याने आपण कोणाच्या अंगणात बसलो आहोत हे विचारावे, एवढेच.

तळ्याकाठच्या घरांत जगात सर्वाधिक गाजलेले घर थोरोचे. अमेरिकेतील वॉल्डन तळ्याकाठी तो ४ जुलै १८४५ रोजी राहावयास गेला. घर दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब; खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही ती गोष्ट ही की, जमीन त्याच्या मालकीची नव्हती. ती त्याचे स्नेही इमर्सन यांची होती. दोन वर्षे व दोन महिने राहून तो निघूनही आला. तळ्याचे पाणी वर्षानुवर्षे चढते-उतरते, आणि त्यापायी काठावर झाडे मूळ धरू शकत नाहीत, हेही त्याने टिपून ठेवले आहे. पाणी आपल्या काठावरचा हक्क अशा रीतीने बजावीत असते.

आमच्या घराच्या पडवीतून आता तळ्याचा एकच तुकडा दिसतो, दोन करंजांच्या मधून. वैशाखात मुले दोनशे पावले चालत पाण्याकडे जातात आणि चिखलाने माखून येतात. पाड्यावरच्या बायांकडून मरळ कसा धरावा हे त्यांतील एकीने शिकून घेतले आहे. दलाल अजून येतात. दर वर्षी आकडा वाढतो. आज सातबाऱ्यावर चार नावे आहेत आणि चौघेही नाही म्हणतो. पुढल्या पिढीत ती नावे नऊ होतील. नऊ जणांचे एकमत होणे कठीण. आणि विकावयास सर्वांच्या सह्या लागतात, हाच तूर्त तळ्याचा सर्वांत भक्कम बांध आहे.