अंगणातले कोर्ट

बीरशेबाला आमच्या घरामागे सिमेंटचे अंगण आहे. तिथे बॅडमिंटन खेळताना नातीचा घोटा मुरगळला, तेव्हा वर फरशी घालायचे ठरले. मुलगा म्हणाला, "पप्पा, कारागीर बोलवू." मी म्हटले, रेवदंड्याला तुझी आजी दरसाल अंगण चोपून सारवायची, तिने कधी कारागीर बोलावला?

एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या लाद्या आणल्या. आधी लांब पट्टी फिरवून खळगे शोधले, सिमेंटने भरले, वाळू दिले. पुरे कोर्ट १३.४० मीटर लांब. आमचे अंगण त्याच्या निम्मे. असो.

भिंतीकडेने बोटभर फट सोडली, ती मुलाला खुपली. पण नेगेवच्या उन्हात प्लास्टिक फुगते. जागा नसली तर लाद्या मधोमध उचलतात, आणि पोरीचा पाय नेमका तिथे पडायचा! फट राहिली.

आता संध्याकाळी मायलेकी खेळतात. गुण मी मोजतो. नात एकवीसपर्यंत मराठीत मोजायला शिकली आहे.