मामा ज्याचा त्याचा

आयुष्याची तीस वर्षे आम्ही सरकारी कचेरीत काढली, त्यांपैकी बावीस दिल्लीत. एवढ्या काळात एक तत्त्व आमच्या अंगी पुरते मुरले: ज्याचे देयक, त्याने ते तपासू नये. पण स्वतःचे घर घेण्याची वेळ आली तेव्हा हे तत्त्व आम्ही कचेरीच्या खुंटीवर टांगून आलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

२०१८ साली, निवृत्ती दोन वर्षांवर आली असता, पुण्यात कोथरूडला एका सहकारी गृहरचना संस्थेतील तीन खोल्यांचे जुने घर आमच्या मनात भरले. १९६४ च्या आचरण नियमांतील १८ व्या नियमाप्रमाणे वरिष्ठांना आगाऊ कळविण्याचा सोपस्कार आम्ही चोख पार पाडला. राहता राहिली कागदपत्रे. दलाल मोठा गोडबोल्या. “साहेब, आपण दिल्लीत. धावपळ कशाला? आमचे वकीलसाहेब दोन्ही बाजूंचे काम पाहतात. फी निम्मी!” त्या निम्म्या फीने आम्ही विरघळलो.

रात्री ही वार्ता सौभाग्यवतींच्या कानी घातली. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, लग्नात भटजी दोन्हीकडचा एक चालतो, पण मामा ज्याचा त्याचाच पाठीशी उभा राहतो.”

या एका वाक्याने आमची झोप उडाली. भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी त्या घरात जायची होती, आणि आमच्या पाठीशी उभा राहणारा मामा समोरच्याने पाठविलेला! दुसऱ्याच दिवशी एका जुन्या स्नेह्याला लिहून आम्ही पुण्यातील एक वकील गाठले. त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा: “या व्यवहारात आपल्याला आमच्याखेरीज कोणाकडून काही मिळणार आहे काय?” ते हसले आणि म्हणाले, “हे फार थोडे लोक विचारतात.”

त्यांनी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सूची क्रमांक दोनचा तीस वर्षांचा शोध घेतला. आमची समजूत अशी की, दस्त नोंदला म्हणजे मालकी पक्की झाली. त्यांनी समजाविले की, कचेरी दस्ताची नोंद करते. विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. मग त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, आणि आठव्या दिवशी बडोद्याहून हरकत आली.

घर मूळ विकणाऱ्याच्या वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले. मृत्युपत्र नव्हते. संस्थेच्या दप्तरी मुलाचे नाव चढले, ते केवळ नामनिर्देशनाच्या बळावर. आणि नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन्ही विवाहित बहिणींचा वाटा भावाइतकाच होता.

दलालाचे वकील अप्रामाणिक होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी प्रश्न विचारला असता तर व्यवहार लांबला असता, आणि तो लांबणे त्यांना आणणाऱ्याच्या सोयीचे नव्हते, इतकेच. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मात्र आम्हांला कोर्टाच्या पायऱ्यांवर मोजावी लागली असती.

चार महिन्यांनी खरेदीखत झाले. ‘लिहून देणार’ या सदरात एका नावाऐवजी तीन नावे आली. नोंदणी कचेरीत अंगठ्याचा ठसा उमटवून झाल्यावर बडोद्याच्या बाई आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, “बाबांनी घर घेतले तेव्हा मी शाळेत होते. ते विकले जात आहे, हे मला तुमच्या वकिलांच्या नोटिशीवरून कळले.”

आम्ही काय बोलणार? आम्ही वकील केला होता तो आमची पुंजी राखण्यासाठी. त्या बाईंचा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. आज आम्ही त्याच तीन खोल्यांत राहतो. पूर्ण फीची ती पावती खरेदीखताच्याच फाइलीत जपून ठेवली आहे. बदलीच्या गावाहून कोणी मित्र घराविषयी सल्ला विचारू लागला की, सौभाग्यवती आधी ती पावती बाहेर काढतात आणि मग चहा टाकतात.