नाथांची कावड, येलिसेयची तपकीर

टॉलस्टॉयच्या उत्तरायुष्यातल्या कथांचा विषय निघाला की ‘माणसाला किती जमीन लागते?’ हीच पुढे येते. मला ती जरा जास्तच घोटीव वाटते. तिच्यातल्या पाखोमचं काय होणार हे फार लवकर कळतं. म्हणून औरंगपुऱ्यात आम्ही काही जण रशियन कथा वाचायला जमतो, तिथे मी मुद्दाम १८८५ची ‘दोन म्हातारे’ घेतली.

येफीम आणि येलिसेय जेरुसलेमला पायी निघतात. येफीम सधन, शिस्तीचा. येलिसेय मधमाश्या पाळणारा, तपकिरीचा शौकीन. तहान लागली म्हणून हा एका झोपडीत पाणी मागायला शिरतो, तर आत अख्खं घर उपाशी नि आजारी. बाई पाणी आणायला गेली ती वाटेतच पडली, बादलीही तिथेच. येलिसेय पिशवीतली भाकरी काढतो, पाणी आणतो, आणि मग अडकतोच. त्यांची गहाण जमीन सोडवतो, घोडा-गाय घेऊन देतो. गाठीचे पैसे संपत आल्यावर गुपचूप घरी परततो.

इथवर आल्यावर पैठणचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “अहो, हे तर आमच्या नाथांचं गाढव!” रामेश्वराला न्यायची गंगेची कावड संत एकनाथांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही.

टॉलस्टॉयच्या या कथा उपदेशाच्या म्हणून नाकं मुरडली जातात. पण त्या ऐकण्यासाठी घडलेल्या आहेत. १८७९ साली श्चेगोल्योनोक नावाचा कथेकरी टॉलस्टॉयकडे येऊन राहिला. ‘माणसं कशावर जगतात’ ही कथा त्याच्याच तोंडून ऐकलेल्या गोष्टीवर उभी आहे. पुढे १८८४मध्ये ‘पोस्रेद्निक’ प्रकाशन निघालं आणि अशा कथांच्या स्वस्त पुस्तिका फेरीवाल्यांनी खेडोपाडी नेल्या. कीर्तन ऐकून वाढलेल्या माणसाला हा बाज परका वाटू नये.

मला मात्र येफीमच जास्त धरून ठेवतो. तो जेरुसलेमला पोचतो, सगळे विधी करतो, आणि देवळातल्या गर्दीत त्याचा हात सारखा पैशांच्या बटव्याकडे जातो. बटवा चोरीला गेला म्हणून रडणाऱ्या सहयात्रेकरूचा त्याला संशय येतो, लगेच त्या संशयाची लाजही वाटते. अशात त्याला पार पुढे, वेदीपाशी, येलिसेयचं टक्कल चमकताना दिसतं. नाथांच्या कथेत सोबतचे यात्रेकरू चकित होण्यापुरते असतात. इथे त्या सोबत्याचं मन उघडं पडतं.

गटातल्या एक बाई येफीमच्या बाजूने भांडल्या. नवस दोघांचा, पैसा घरचा; बायकोला न विचारता खर्चायचा, वर पैसे हरवले म्हणून सांगायचं? गुरुजींनी नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंचा दाखला दिला, तो बाईंना पटला नाही. मलाही नाही.

परतीच्या वाटेत त्याच झोपडीत थांबून आलेला येफीम तिचा विषय काढतो, तेव्हा येलिसेय गडबडून बोलणं तोडतो आणि मध खायला आत बोलावतो. टॉलस्टॉयने यानंतर तात्पर्याचं एक वाक्य जोडलंय. मी गटात वाचताना मधापाशीच थांबतो.