नळीची वाट आणि मित्रांची साथ

हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटा अनेक. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे जाणारी लांबची. कसलेल्या भटक्यांना मात्र ओढ असते ती नळीच्या वाटेची. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, कोकणकड्याच्या पायथ्याशी बेलपाडा हे लहानसे गाव आहे. तिथून मान वर केली की आत वळलेला अजस्र काळा कडा दिसतो आणि त्याच्या बाजूला डोंगरात शिरणारी एक अरुंद घळ. हीच नळीची वाट!

ही वाट म्हणजे पावसाळी ओढ्याचे कोरडे पात्र. वाटेत माणसाच्या उंचीचे धोंडे. एकावरून उतरावे तो दुसरा समोर उभा. सुरुवातीला सगळ्यांच्या अंगात उत्साह असतो, थट्टामस्करी चालते. दोन-तीन तासांनी गप्पा थांबतात, पाण्याच्या बाटल्या हलक्या होतात आणि कोण किती पाण्यात आहे ते कळू लागते.

अशा चढाईचा एक साधा नियम आहे. वाट माहीत असलेला सर्वांत पुढे आणि दुसरा जाणता गडी सर्वांत मागे. दमणारे मध्ये. सगळ्यांची चाल मात्र सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीएवढी. ज्याच्या पायांत बळ आहे, त्याने ते पुढे पळण्यात नव्हे, तर थांबण्यात खर्च करायचे.

पुढे उभे कातळटप्पे येतात. इथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात. हाताला खाच सापडते, पण पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. अशा वेळी खालून मित्राचा आवाज येतो, ‘डावा पाय जरा वर घे, तिथं खोबण आहे.’ चढायचे ज्याचे त्यालाच असते, पण त्या एका वाक्याने धीर येतो. वरून दगड सुटला, तर आधी ‘दगड!’ अशी आरोळी उठते. कुणी न सांगता दमलेल्याची सॅक आपल्या खांद्यावर घेतो, कुणी शेवटचे संत्रे सोलून वाटतो. आणि एखाद्याची तब्येतच बिघडली, तर ‘चला, सगळेच परत फिरू’ म्हणणाराही मित्रच असतो.

एव्हरेस्टची कथाही याहून वेगळी नाही. १९५३ च्या मोहिमेत खुंबू हिमप्रपातात हिलरी हिमभेगेत कोसळले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तेनझिंग यांनी दोर घट्ट धरला, म्हणून ते वाचले. दोघांची ओळख त्याच मोहिमेतली. २९ मे रोजी शिखरावर पाऊल ठेवले तेही याच जोडीने.

संसाराच्या वाटेवरही असे कातळटप्पे येतातच. कुणाची नोकरी जाते, कुणाच्या घरी दीर्घ आजारपण येते. अशा वेळी उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. पण रुग्णालयात रात्रभर बाकावर बसणारा, न मागता डबा पोचवणारा, ‘सध्या एवढंच कर, पुढचं पुढे पाहू’ म्हणणारा विरळाच. तो आपले दुःख उचलू शकत नाही. पुढचे पाऊल कुठे टाकायचे, एवढे मात्र दाखवतो.

सहा-आठ तासांच्या चढाईनंतर कोकणकडा येतो. कड्याच्या टोकाशी पालथे झोपून खाली पाहिले की सकाळी सोडलेले बेलपाडा काडेपेटीएवढे दिसते. गडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आणि थंडगार पाण्यातले केदारेश्वराचे प्रचंड शिवलिंग पाहिल्याशिवाय परतू नये.

पावसाळ्यात ही वाट टाळावी, हिवाळा उत्तम. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने मोरोशीपर्यंत यावे, तिथून बेलपाड्याला वळावे. गावातला वाटाड्या, दोर आणि भरपूर पाणी हवेच. पण सर्वांत आधी सोबती पारखून घ्यावेत; जे आपल्यासाठी थांबतील आणि ज्यांच्यासाठी आपणही आनंदाने थांबू, असे.