काउडनबीथचे साठ गुण

वाडी, नागपूर

चि. छकुलीस,

तू धाडलेला निळा मफलर पोचला. नागपूरच्या उन्हात तो घालायचा कधी, हे मात्र तूच सांग. तुझे स्कॉटलंडमधले घरमालक आजोबा काउडनबीथचं नाव निघालं की ‘1939’ म्हणून गप्प का होतात, असं तू विचारलंस. त्याची हकिकत अशी.

काउडनबीथ म्हणजे तिथल्या फाइफ भागातलं एकेकाळचं कोळशाचं गाव. सावनेर-उमरेडच्या खाणी पाहिलेल्या पोरीला हे गाव वेगळं समजावून सांगायला नको. तेव्हा आठवडाभर खाण आणि शनिवारी फुटबॉल. क्लब छोटा. दहा वर्षं वरच्या श्रेणीत काढून 1934 मध्ये खाली घसरलेला. पण 1938-39 च्या हंगामात या पोट्ट्यांनी कहर केला. 34 सामन्यांत 28 जिंकले, 4 बरोबरीत, हरले फक्त 2. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत, तरी 60 झाले; दुसऱ्या आलेल्या अलोआचे 48. गोल 120, त्यातले 54 एकट्या रॅब वॉल्सचे! एका हंगामातला क्लबचा तो विक्रम आहे.

म्हणजे आता रेंजर्स-सेल्टिकच्या पंगतीत पाट मांडलेला. ऑगस्ट 1939 मध्ये वरच्या श्रेणीतला हंगाम सुरू झाला, जेमतेम पाच सामने झाले आणि 3 सप्टेंबरला ब्रिटननं युद्ध पुकारलं. लीग बंद. त्या पाच सामन्यांचा हिशेबही रद्द.

आपल्याकडे मात्र फुटबॉलचा रोव्हर्स कप चालूच होता. 1891 पासून मुंबईत गोऱ्या पलटणींनी मिरवलेला हा चषक 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्सनं पहिल्यांदा देशी हातात आणला आणि ऐन युद्धात, 1940 मध्ये, कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगनं जिंकला.

तुझे घरमालक आजोबा सगळा दोष हिटलरला देत असतील. माझं मत वेगळं आहे. युद्धानं हंगाम नेला, हे खरं. पण 1946 मध्ये लीग पुन्हा उभी राहिली तेव्हा वरच्या श्रेणीत वीसऐवजी सोळाच क्लब ठेवले आणि काउडनबीथला ‘बी’ डिव्हिजनमध्ये बसवलं. अलोआलाही तिथंच. मैदानावर कमावलेली बढती कागदावर गेली. तो निर्णय काही बर्लिनमध्ये झाला नव्हता.

आणि गंमत बघ, पहिल्या महायुद्धाच्या वेळीही हेच झालं होतं. 1913-14 ची दुसरी श्रेणी काउडनबीथनं जिंकली. पुढच्या वर्षी सेंट बर्नार्ड्स आणि लीथ अॅथलेटिक यांच्याशी गुण सारखे झाले, मग जादा सामने खेळून पुन्हा हेच पहिले. तरी वर चढता आलं नाही, कारण तेव्हा बढती आपोआप मिळत नसे, मतदानानं ठरे. वरच्यांची मतं मिळाल्याशिवाय दार उघडत नव्हतं. नंतर 1915 पासून दुसरी श्रेणीच बंद पडली, ती थेट 1921 मध्ये सुरू झाली. वर जायला 1924 उजाडलं. काहून चिडू नये माणसानं?

1939 ची ती जागा पुन्हा मिळायला 1970 साल यावं लागलं. तीही एकाच हंगामापुरती. लगेच परत खाली. 2022 मध्ये तर मुख्य लीगमधूनच बाहेर पडून लोलँड लीगमध्ये गेले. तरी चाहते आपल्या क्लबला ‘ब्लू ब्राझील’ म्हणतात. अशी थट्टा स्वतःचीच करायला जिगर लागते, मला ती फार आवडली.

पुढच्या वेळी आजोबांना 1946 चं विचार. ते गप्प बसणार नाहीत, बघ. एडिनबराहून काउडनबीथ स्टेशनवर थांबणारी फाइफची गाडी धर. सेंट्रल पार्कवर सामना बघून ये. मैदानाभोवती मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक दिसेल, त्यामुळे प्रेक्षक जरा लांब बसतात. चष्मा विसरू नकोस. तिकीट मात्र काढून जा, कुणी फुकट आत सोडत असेल तरी. आणि आईला रविवारी फोन कर, ती वाट बघते.

तुझा,
काका