वारा नसतानाची लाट

पुढच्या चार-पाच दिवसांचा समुद्र आता मोबाईलवर दिसतो. हैदराबादचं 'इन्कॉइस' हे केंद्र लाटा किती उंच, कोणत्या दिशेने येणार ते सांगतं, हवामान खातं वाऱ्याचा इशारा देतं. माझं आजोळ रत्नागिरीच्या दालदी मच्छीमारांचं. मामू आता घरी बसून जाळी विणतात, पण मामेभाऊ अजून होडीवर जातो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, पुण्यात राहूनही मी हा अंदाज रोज उघडतो. उघडल्यावर पहिला प्रश्न पडतो तो असा, की हे आकडे वाचायचे कसे?

'लाटेची उंची 1.5 मीटर' याचा अर्थ प्रत्येक लाट दीड मीटरची, असा नाही. सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यांतली एखादी लाट जवळपास दुप्पट उंच येऊ शकते. तीन मीटरची एकच लाट लहान होडीला पुरेशी आहे.

उंचीच्या शेजारी दुसरा आकडा असतो, तो बहुतेक जण बघतच नाहीत. एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येणार, तो. पाच-सहा सेकंद असतील तर ती जवळच्या वाऱ्याची लाट. पंधरा-सोळा सेकंद असतील तर ती फार लांबून, दक्षिण हिंद महासागरातल्या वादळातून निघालेली असते. अशी लाट तासाला साधारण 45 किलोमीटर वेगाने चालत येते. सात हजार किलोमीटर कापायला तिला सहा-सात दिवस लागतात. आपल्याला आगाऊ इशारा मिळू शकतो तो याच कारणाने. केरळात तिला 'कल्लकडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आकाश निळं, वारा पडलेला आणि पाणी अचानक घरांत शिरतं. मे 2024 मध्ये या लाटांचा इशारा केरळपासून मुंबईपर्यंत दिला गेला होता.

आमच्या नानांना वारा वासाने कळायचा, असं आई सांगते. ढगाचा रंग, पक्ष्यांचं परतणं, पाण्याचा गढूळपणा हे सगळं ते वाचायचे. पण वाऱ्याशिवाय येणारी ही लाट त्या वाचनात सापडणारी नाही. तिची खूण आपल्या आकाशात नसतेच.

जुन्या ज्ञानाचा एक हिशेब मात्र आजही चुकत नाही, तो भरतीचा. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता. आमच्या घरात तोच हिशेब चांदाच्या तारखेवरून होतो. चांद दिसतो तो बहुतेक द्वितीयेला, म्हणून तारखेत एक मिळवायचा, पंधराच्या पुढे गेलं तर पंधरा वजा करायचे, मग पाऊणपट. चांदाची सात असेल तर आठ, आठाची पाऊणपट सहा. पंचांग आणि हिजरी कॅलेंडर यांचं इथे भांडण नाही, दोघांचा चंद्र एकच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे कोळीवाड्यातही तसंच आणि आमच्या मोहल्ल्यातही तसंच.

होडीला खरा धोका असतो खाडीच्या तोंडाशी. उधाणाच्या दिवशी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावतं, समोरून ती लांबची लाट आत येते, खाली वाळू उथळ. तिथे लाट उभी राहते आणि फुटते. मोबाईलवरचा अंदाज भर समुद्रातली लाट सांगतो, तर चांदाचा हिशेब ओहोटी कधी लागेल ते सांगतो. खाडीत शिरायची वेळ ठरवायला दोन्ही लागतात.

मामेभावाला इशारा पाठवला की त्याचं उत्तर येतं, "इन्शाअल्लाह, काही होत नाही." या शब्दावर माझा विश्वास आहे, पण त्याचा असा वापर मला मान्य नाही. अल्लाहवर भरवसा ठेवायचा तो आपल्या हातातलं सगळं करून झाल्यावर. मात्र त्याची बाजूही खोटी नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यात हंगामातले दिवस इशाऱ्यात गेले तर डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च कोण देणार? संपूर्ण जिल्ह्याला एकच इशारा लागतो आणि त्याच्या बंदरात पाणी शांत राहतं. असं दोन-तीनदा झालं की चौथा इशारा कोणी वाचत नाही. तो चौथाच खरा ठरू शकतो.

'मोसम' हा शब्द अरबीतून आला. अरबी दर्यावर्दी कोणत्या बंदरातून कधी निघायचं याची वेळापत्रकं बांधत आणि ती पाळत. आपणही मशिदीतल्या फळ्यावर नमाजाच्या वेळा रोज लिहितोच. किनाऱ्यावरच्या मशिदींत त्याच फळ्यावर खाली तीन ओळी वाढवायला काय हरकत आहे? आज भरती किती वाजता, पुढचे तीन दिवस लाट किती मीटर, आणि किती सेकंदांची. फजरची नमाज पढून माणूस थेट धक्क्यावर जातो. निघताना त्याची नजर त्या फळ्यावरून जाईलच.