राजविहाराच्या दारात

छायाचित्रे काढायला शिकण्यासाठी कोणी समुद्र ओलांडून जाते का, असा प्रश्न आमच्या घरात निघाला, तेव्हा मी कपाटात पासपोर्ट शोधत होतो. सौभाग्यवतीचा आक्षेप खर्चाला नव्हता. निदान ती तसे म्हणाली नाही. तिचे म्हणणे एवढेच, की वीस वर्षे तुम्ही कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडताय. अंबरनाथ झाले, भुलेश्वर झाले, सिन्नरचा गोंदेश्वर झाला. आता शिकायचे राहिले काय?

राहिले होते, आणि ते तिलाही ठाऊक होते. आई गेली त्याला तेव्हा दीड वर्ष होऊन गेले होते. दिवसकार्याच्या वेळी पाटावर ठेवायला तिचा एक धड फोटो मिळेना. माझ्याजवळ चौदा हजार छायाचित्रे. त्यांत आई शोधायला बसलो, तर कुठे ओट्याशी पाठमोरी, कुठे पंगतीत वाढताना अर्धी कापलेली, कुठे हलल्यामुळे नुसता पांढरा धूर. गोंदेश्वराच्या एकेका खांबाचे मात्र सहा-सहा कोन! अखेर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला. त्या फोटोत माणूस कसा दिसतो ते वाचकांना सांगायला नको.

तेव्हा कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांत आठ दिवसांचा छायाचित्रणाचा वर्ग आहे, आणि त्यात फक्त सहाच जणांना घेणार आहेत, असे कळताच मी नाव नोंदवले. कारण विचाराल तर नीट सांगता येणार नाही. माणसांचे फोटो येत नाहीत म्हणून देवळांच्या वर्गाला जाणे हा काही तर्काला धरून उपाय नव्हे.

बँकॉकमध्ये विमान बदलून सिएम रीपला पोचलो. घड्याळ दीड तास पुढे केले. मंडळी पाहिली: एक निवृत्त वकीलसाहेब, त्यांच्या तोफेएवढ्या भिंगासह, एक डॉक्टरीणबाई, बँकेतले एक जोडपे, जे एकाच कॅमेऱ्यावरून दिवसभर भांडे, एक विशीतला अभियंता आणि मी. आमचे मार्गदर्शक मितभाषी गृहस्थ. बरोबर स्थानिक वाटाड्या होता. मी मास्तर आहे हे कळल्यावर तो मला ‘लोक क्रू’ म्हणू लागला. ‘क्रू’ म्हणजे आपला गुरूच. पुढे ध्यानात आले, की ह्या भाषेत आपली अर्धी शब्दसंपत्ती वेष पालटून नांदते आहे. भाषा ती ‘फिआसा’, अक्षर ते ‘अक्सार’, आणि अंगकोर म्हणजे दुसरे काही नसून ‘नगर’! मराठीच्या प्राध्यापकाला परदेशात असा शेजार भेटला म्हणजे कॅमेऱ्याचा विसर पडतो.

पहिली पहाट अर्थातच अंगकोर वाटची. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले हे विष्णूचे मंदिर. पुढे ते बौद्धांचे झाले, पण पश्चिमद्वारी अष्टभुज विष्णू अजून उभा आहे, आणि गावकरी त्याला उदबत्ती लावतात. मंदिर पश्चिमाभिमुख, म्हणून सूर्य शिखरांच्या मागून उगवतो आणि पुढच्या तळ्यात पाचही शिखरे उलटी उतरतात. हे चित्र टिपायला त्या काळोखात तळ्याकाठी शेकडो माणसे दाटीने उभी होती. आम्ही तिपाया रोवल्या, आणि माझ्या कॅमेऱ्यातून पाहतो तो काय, सगळीकडे दाट धुके! बाहेर धुके नव्हते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या भिंगावर चहाच्या पेल्यासारखी वाफ धरली होती. ती पुसली की पुन्हा धरे. सूर्य वर आला तेव्हा मी उपरण्याने भिंग पुशीत होतो. “झालं ते बरं झालं,” मार्गदर्शक म्हणाले, “तो फोटो सगळ्यांकडे आहेच.”

उन्हे चढल्यावर पूर्वेच्या ओवरीत गेलो. तिथल्या भिंतीवर सुमारे पन्नास मीटर लांबीचे समुद्रमंथन कोरलेले आहे. एका अंगाला ९२ असुर, दुसऱ्या अंगाला ८८ देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म. लहानपणी आईने ही गोष्ट दर चातुर्मासात सांगितलेली; पण तिच्या गोष्टीत वासुकीला ओढताना कोणी दमत नसे. इथल्या असुरांची पोटरीन् पोटरी ताठलेली दिसते. खांबांमधून तिरपा प्रकाश येतो तेवढ्यापुरतेच शिल्प उठून दिसते, मग पुन्हा भिंतीत मिटून जाते. इथे आम्हांला पहिला पाठ मिळाला: सकाळभरात प्रत्येकाने फक्त दहाच छायाचित्रे काढायची. वकीलसाहेबांनी पाच मिनिटांत दहा काढली, आणि उरलेला वेळ ते आमच्यावर देखरेख करीत बसले.

बांतेय श्रेईबद्दल खरे तर वेगळाच लेख लिहायला हवा. सन ९६७ मधले हे लहानसे शिवालय राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या विद्वानाने उभारलेले. पाषाण तांबूस, आणि कोरीव काम असे, की चंदनाच्या पेटीवरचे वाटावे. खांडववन जळते आहे, वर इंद्र पाऊस पाडतो आहे, तो पाऊस दगडात तिरप्या रेघांनी काढला आहे! वाटेवर झाडाखाली काही माणसे वाद्ये वाजवीत बसली होती. कुणाला पाय नव्हता, कुणाला दृष्टी नव्हती, भूसुरुंगांनी नेलेली. १९७५ ते १९७९ ह्या चार वर्षांत ख्मेर रूज राजवटीत ह्या देशाची लाखो माणसे मेली, आणि त्यानंतरही लढाई कित्येक वर्षे चालली. अभियंत्याने कॅमेरा वर केला, मग काय वाटले कोण जाणे, खाली केला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून गाणे ऐकत बसला. त्या दिवशीच्या त्याच्या दहांपैकी एक कमी भरले.

पाचव्या दिवशी ता प्रोम. अंगकोर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते हेच: छपरावर चढलेले प्रचंड वृक्ष आणि अजगरासारखी भिंतीवरून उतरणारी मुळे. फ्रेंच संशोधकांनी इतर देवळे मोकळी केली, हे मात्र जंगलाच्या मिठीत बरेचसे तसेच ठेवले. आपल्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाचे रोप दिसले की पोटात गोळा येतो. इथे तीच आपत्ती शोभा झाली आहे. अर्थात ती शोभा सांभाळणे सोपे नाही. झाड भिंत फोडते, आणि झाड मेले की भिंतही कोसळते, कारण तोवर तिचा आधार तेच झालेले असते. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक येथे दोन दशके ह्या कामात आहेत. टेकू दिलेल्या फांद्या, क्रमांक घातलेले दगड, पुन्हा उभा केलेला नर्तकींचा मंडप, हे सारे पाहताना ऊर थोडा भरून आला, हे कबूल करतो.

ह्या देवळाचे मूळ नाव राजविहार. इ. स. ११८६ च्या संस्कृत शिलालेखात त्याच्या सेवेला नेमलेली ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे नोंदलेली आहेत. राजा सातवा जयवर्मा. आणि हे मंदिर त्याने आपल्या आईसाठी बांधले! प्रज्ञापारमिता देवीच्या रूपात आईची मूर्ती बसवली. वाटाड्या हे सांगत आम्हांला मधल्या गाभाऱ्यात घेऊन गेला. गाभारा रिकामा. मूर्ती आज तिथे नाही. भिंतीवर ओळीने लहान लहान भोके तेवढी आहेत.

मी बराच वेळ त्या अंधारात उभा राहिलो. एवढा राजा, एवढी गावे, आणि आईचा चेहरा काही राहिला नाही.

बाहेर पडलो तो पूर्वेच्या दाराशी पांढऱ्या वस्त्रातली एक म्हातारी बसली होती. डोक्यावर केसांची नुसती पांढरी लव, पुढ्यात उदबत्त्या आणि लाल दोरे. माझ्या पणजीची आठवण झाली. तिने मनगटाला दोरा बांधला, काही पुटपुटली. मी हातानेच कॅमेरा दाखवून विचारले, आणि सवयीप्रमाणे तो डोळ्याला लावलादेखील. तिने हात वर केला. नको असेल, असे समजून मी कॅमेरा खाली घेतला.

वाटाड्या हसला. “थांबा म्हणते, लोक क्रू. तयार नाही अजून.”

मग ती तयार झाली. खांद्यावरचे वस्त्र काढून पुन्हा घेतले, त्याची चुणी बोटांनी सरळ केली. पुढ्यातले दोरे बाजूला सारले. तोंड पुसले. पाठ भिंतीला टेकली होती ती सोडवली. ह्याला पुरती दोन मिनिटे लागली असतील, आणि तेवढ्यात मला “अरे थांब जरा, पदर तरी सारखा करू दे” हे आईचे वाक्य किती वेळा ऐकू आले ते सांगत नाही. ती ते दर वेळी म्हणे. आणि दर वेळी मी म्हणे, “अगं, तशीच राहा, सहज येऊ दे,” आणि कळ दाबून मोकळा होई. नाहीतर कंटाळून दुसरीकडे वळे. पदर सारखा झालेली आई माझ्या कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नाही.

म्हातारीने मान हलवली. मी एकच छायाचित्र काढले. कॅमेऱ्याच्या पाठीवर तिला ते दाखवले, तर तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले आणि वाटाड्याला काहीतरी म्हणाली. “रूप थोत” एवढेच मला त्यातून ओळखू आले. छायाचित्राला ख्मेर भाषेत तसेच म्हणतात. त्यातले ‘रूप’ आपलेच. तिला प्रत हवी होती. गावात मुलगी आहे, तिच्या घरात लावायला. त्याच संध्याकाळी सिएम रीपच्या एका दुकानात प्रत काढून मी ती वाटाड्याच्या हवाली केली. दोन दिवसांनी पोचवल्याचे त्याने सांगितले. उरलेल्या नऊ छायाचित्रांत वृक्ष आहेत. ती वाईट आलेली नाहीत.

दुसरी प्रत आमच्या बैठकीत आहे. परवा समोरच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या, त्या तिच्यापुढे थबकल्या. “भावजी, ह्या कोण? तुमच्याकडच्या का कुणी?”

मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, “वहिनी, बसा हं जरा. आणि अहो, कॅमेरा काढा बरं, वहिनी आज नवी साडी नेसून आल्यायत.”

वहिनी म्हणाल्या, “अगंबाई, थांबा, केस तरी विंचरू द्या.”

मी थांबलो.